नवे संकेतस्थळ उभारताना जुन्या बातम्यांचे पत्ते मोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाचे संकेतस्थळ लवकरच नव्या रूपात येणार असल्याचे निवेदन पहिल्या पानावर वाचले. नवी मांडणी, मोबाइलवर वाचण्याची सोय, चित्रफिती यांविषयी त्यात पुष्कळ लिहिले आहे. आजवर प्रसिद्ध झालेल्या बातम्यांचे आणि लेखांचे काय होणार, त्यांचे आजचे दुवे नव्या संकेतस्थळावर उघडतील की नाही, याविषयी मात्र त्यात एक ओळही नाही. तेवढ्याच एका गोष्टीसाठी हे पत्र लिहीत आहे. काम सुरू होण्यापूर्वी लिहिणे आवश्यक वाटले, कारण हे नुकसान एकदा झाले की ते भरून काढणे फार अवघड असते.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल होते आणि निवृत्तीनंतरही वाचनालयाच्या संकेतस्थळाचे काम पाहते. कात्रणांच्या फायली ठेवण्याची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. २००५ च्या महापुराची फाईल आजही जागेवर आहे. कागद पिवळा पडला, डिंकाचे डाग वर आले, तरी प्रत्येक कात्रणाखाली दैनिकाचे नाव, तारीख आणि पान क्रमांक शाईने लिहिलेला आहे. पुढे दैनिके संकेतस्थळांवर वाचायला मिळू लागली, कात्री-डिंकाचा व्याप कमी करावा असे कार्यकारिणीत ठरले, आणि कात्रणाऐवजी मी बातमीचा मथळा व दुवा नोंदवू लागले. त्यामुळे ऑगस्ट २०१९ च्या महापुराची आमची नोंद जवळजवळ पूर्णपणे दुव्यांची आहे. भूगोलाच्या एका विद्यार्थिनीला या दोन्ही पुरांतील कोयना धरणाचा रोजचा विसर्ग आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची रोजची पाणीपातळी ताडून पाहायची होती. २००५ ची फाईल मी पाच मिनिटांत तिच्या हाती दिली. २०१९ चे दुवे उघडू लागलो, तेव्हा एका दैनिकाचे सगळे दुवे त्याच्या मुखपृष्ठावर जाऊन थांबत होते, आणि तिथे त्या दिवशीच्या ताज्या बातम्या होत्या. मधल्या काळात त्या दैनिकाने संकेतस्थळ नव्याने बांधले होते.

त्या बातम्या नष्ट झालेल्या नव्हत्या, हे मुद्दाम सांगते. काही मथळे शोधयंत्रात टाकून पाहिले तेव्हा त्यातल्या बऱ्याच बातम्या त्याच संकेतस्थळावर निराळ्या पत्त्यावर सापडल्या. मजकूर संकेतस्थळाच्या कोठारात (डेटाबेसमध्ये) होता, छायाचित्रेही होती, फक्त पत्ते बदलले होते आणि जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर नेणारी वाट कोणी आखली नव्हती. जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या १९९६ साली सुरू झालेल्या संस्थेच्या साठ्यातून आणखी काही पाने मिळाली, पण त्यासाठीही जुना पत्ता हातात असावा लागतो. आमच्या वहीत तो होता म्हणून जमले. एखाद्या बातमीचा केवळ मथळा आठवणाऱ्या वाचकाला तोही आधार नाही.

ग्रंथालयात नवे पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याची नोंद होते आणि त्याला दाखल क्रमांक मिळतो. पुढे पुस्तकाचा वर्गांक, म्हणजे विषयानुसार दिलेला क्रमांक, बदलतो, कपाट बदलते, बांधणी नवी होते, पण दाखल क्रमांक बदलत नाही, आणि पुस्तक बाद झाले तरी तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला दिला जात नाही. संकेतस्थळावरील लेखाचा पत्ता हा त्याचा दाखल क्रमांक असायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याला वर्गांकाचे, कपाटाचे आणि मथळ्याचेही काम करायला लावले जाते, आणि त्यातले काहीही हलले की पत्ता हलतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच हे सविस्तर लिहून ठेवले आहे. बदलण्याजोगे जे जे असेल, विषय असो, लेखकाचे नाव असो की फाइलचा प्रकार असो, ते पत्त्यात घालू नये, निर्मितीची तारीख मात्र बदलत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्याला पाव शतक उलटून गेले आहे.

आपले संकेतस्थळ कोणत्या प्रणालीवर चालते हे मला माहीत नाही. आमचे वर्डप्रेसवर आहे, आणि २००३ मध्ये आलेली ही प्रणाली आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वापरतात, म्हणून उदाहरणे तिचीच घेते. तत्त्व सगळीकडे तेच आहे. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक मजकुराला कोठारात आपोआप एक क्रमांक मिळतो. मुळातला पत्ता म्हणजे प्रश्नचिन्ह, ‘p=’ आणि तो क्रमांक, एवढाच असतो. तो दिसायला रुक्ष वाटतो म्हणून ‘पर्मालिंक’च्या, म्हणजे कायमच्या पत्त्याच्या, मांडणीत वर्ष, महिना, दिवस, क्रमांक, विभाग, लेखक आणि मथळ्यावरून तयार होणारा स्लग (पत्त्यातला शब्दांचा तुकडा) यांपैकी काय घ्यायचे आणि कोणत्या क्रमाने घ्यायचे हे ठरवता येते. बाहेरचा पत्ता कसाही सजवला तरी क्रमांकाचा तो साधा पत्ता आतून चालू राहतो आणि वाचकाला सध्याच्या पत्त्यावर नेऊन सोडतो, ही या प्रणालीतील मला सर्वांत आवडणारी गोष्ट. आपल्याकडे मायबोली हे १९९६ पासून चालत आलेले संकेतस्थळ आहे. तिथे लेखाचा पत्ता म्हणजे ‘नोड’ हा शब्द आणि पुढे एक क्रमांक. त्यात दिखाऊपणा नाही, पण मथळा सुधारला किंवा लेख दुसऱ्या विभागात हलवला तरी दुव्याला धक्का लागण्याचे कारण राहत नाही.

दैनिकाला मात्र क्रमांकाच्या जोडीला तारीख हवी. वृत्तपत्राचा संदर्भ देण्याची आपली रीतच तारखेची आहे. ‘दर्पण’चा ६ जानेवारी १८३२ चा अंक म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. शासन निर्णयांच्या शेवटी येणारे वाक्य सरकारी कामकाजाशी संबंध आलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे: सदर निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. त्या १८ अंकी संकेतांकाच्या सुरुवातीला वर्ष, महिना आणि दिवस असतो. विभागाचे नाव बदलो, सचिव बदलोत, त्या अंकांवरून निर्णय शोधता येतो. म्हणून आपल्या बातमीचा पत्ता संकेतस्थळाच्या नावापुढे /२०१९/०८/०९/४८२१३/ अशा घाटाचा असावा, अशी माझी पहिली सूचना आहे. वाटल्यास त्यापुढे दोन-तीन शब्दांचा सोपा स्लग जोडावा, पण बातमी शोधण्याचे काम क्रमांकाने करावे आणि स्लग चुकला तरी पान उघडावे. या रचनेचा आणखी एक लाभ म्हणजे पत्त्याचा शेवट खोडत गेले की संग्रह उलगडत जातो. क्रमांक काढला की त्या दिवसाच्या सर्व बातम्या, दिवस काढला की तो महिना, महिना काढला की ते वर्ष.

येथे एक बारीक गोष्ट सांगणे भाग आहे. वर्डप्रेस नव्याने बसवले की त्यातले घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असते आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. ती मांडणी कोणी बदलली नाही, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत चढवलेल्या प्रत्येक बातमीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. दैनिकाचा अंक नेमका याच वेळेत संकेतस्थळावर चढतो. म्हणजे पत्त्यात तारीख घ्यायची आणि घड्याळ तपासायचे नाही, तर अख्खा अंक चुकीच्या दिवशी नोंदला जाईल. तसेच जुना मजकूर नव्या प्रणालीत आणताना मूळ प्रसिद्धीची तारीख जपली गेली आहे ना, हे नमुन्यादाखल शंभरेक बातम्या उघडून माणसाने पाहावे. काही वर्षांपूर्वीचे शेकडो लेख स्थलांतराच्या एकाच दिवशी प्रसिद्ध झाल्यासारखे दिसतात, असे संग्रह मी पाहिले आहेत. अशा संग्रहातून कोणत्याही घटनेचा क्रम लावता येत नाही.

पत्त्यात विभागाचे नाव घालण्याचा मोह आपल्याकडे विशेष घातक आहे. दैनिकांचे विभाग बहुधा जिल्ह्यांच्या नावाने असतात, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत जिल्ह्यांच्या बाबतीत किती बदल झाले ते आठवावे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०१२ मधील वसईची बातमी तेव्हा ठाण्याच्या विभागात होती. ती आता कुठे असावी? २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. विभागाचे नाव बदलणे हे दैनिकाचे कर्तव्यच आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु ते नाव हजारो बातम्यांच्या पत्त्यांत गुंफलेले असेल, तर नाव बदलताच त्या सगळ्यांचे पत्ते बदलतात. वर्डप्रेस अशा वेळी बातमीपुरती वाट काढून देते, कारण ती बातमीच्या स्लगवरून शोधू शकते. पण त्या विभागाच्या संग्रह-पानाचा, म्हणजे त्यातील सर्व बातम्यांची यादी दाखवणाऱ्या पानाचा, जुना पत्ता मोडतो, कारण विभागाचा जुना स्लग लक्षात ठेवण्याची सोय तिच्यात मुळातून नाही. शाळांच्या प्रकल्पांत, ग्रामपंचायतींच्या पानांवर, विकिपीडियाच्या संदर्भांत दिलेले असे दुवे मग आंधळे होतात. विभाग हा वर्गांक आहे. तो कपाटावर, म्हणजे पानाच्या शीर्षभागी आणि यादीत दिसावा, पत्त्यात नको.

आता स्लगकडे येते. मराठी मजकुराची सर्वाधिक हेळसांड या एका ठिकाणी होते असे माझे मत आहे, आणि ती कोणाच्या दुष्टाव्यामुळे होत नाही. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह संगणक तीन बाइटमध्ये साठवतो, आणि पत्त्यात त्यातला प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे दोन खुणा अशा तीन जागा घेतो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा लागतात. काना, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरातला हलन्त हीदेखील स्वतंत्र चिन्हेच. वर्डप्रेसच्या कोठारात स्लगसाठी एकूण २०० जागा आहेत, त्यामुळे जेमतेम बावीस चिन्हांत तो संपतो. ‘कोयना धरणातून विसर्ग वाढवला’ हा साधा चार शब्दांचा मथळा घ्या. त्यात २४ चिन्हे आणि तीन जोडरेषा मिळून २१९ जागा होतात, म्हणून प्रणाली तो ‘कोयना-धरणातून-विसर्ग-वाढ’ इथे तोडते. दुसऱ्या दिवशी ‘कोयना धरणातून विसर्ग वाढवण्याची शक्यता’ असा मथळा आला तर तोही त्याच ठिकाणी तुटतो, आणि दोन्हींचे स्लग एकसारखे झाल्यामुळे प्रणाली दुसऱ्यापुढे ‘२’ हा आकडा लावते. पत्ता फक्त मथळ्यावर उभा असेल, तर विसर्ग वाढवला आणि वाढवण्याची शक्यता आहे या दोन बातम्या पत्त्यावरून वेगळ्या ओळखता येत नाहीत. नदीकाठच्या माणसाच्या लेखी त्या दोन बातम्यांत घर सोडायचे की थांबायचे एवढा फरक असतो.

ब्राउझरच्या पट्टीत हा पत्ता नीट देवनागरीत दिसतो, पण तो उचलून व्हॉट्सॲपवर किंवा कागदपत्रात चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब रांग उमटते. ती मध्येच तुटते, छापता येत नाही आणि फोनवर कोणाला सांगता तर मुळीच येत नाही. यावर अनेकजण रोमन लिपीत स्लग लिहिण्याचा उपाय करतात. तो चालण्यासारखा आहे, मात्र मराठीचे रोमन लेखन प्रत्येक उपसंपादक आपापल्या परीने करतो, त्यामुळे त्यात एकवाक्यता राहत नाही. देवनागरी पत्ता असावा ही भावना मला परकी नाही. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन उपलब्ध आहे याचा आनंदच आहे. परंतु लेखाच्या पत्त्याने मराठीची सेवा करायची असेल तर त्याने आधी टिकले पाहिजे, आणि अंकांचा पत्ता सर्वांत जास्त टिकतो. मराठी मथळा पानावर ठळक दिसतोच.

संग्रह-पानांविषयी अधिक आस्थेने लिहावेसे वाटते, कारण पत्ते टिकले आणि संग्रह-पाने निरुपयोगी राहिली तरी वाचकाच्या हाती काही लागत नाही. वर्डप्रेसमध्ये कोणत्याही संग्रह-पानावर मुळात दहा नोंदी येतात, सर्वांत ताजी सर्वांत वर, आणि खाली ‘जुन्या नोंदी’ असा दुवा असतो. रोज शंभर मजकूर प्रसिद्ध करणाऱ्या दैनिकाच्या सहा वर्षांपूर्वीच्या बातमीपर्यंत या वाटेने पोहोचायचे तर तो दुवा सुमारे २१,९०० वेळा दाबावा लागेल. शिवाय त्या पानांचे क्रमांक स्थिर नसतात. आज ३७ व्या पानावर असलेली बातमी उद्या ४७ व्या पानावर गेलेली असते, म्हणून अशा पानाचा दुवा कोणाला देणेही व्यर्थ. अलीकडे बऱ्याच संकेतस्थळांनी पान क्रमांकही काढून टाकले आहेत. बोट सरकवत राहावे, नोंदी येत राहतात. ताज्या बातम्यांसाठी ते सोयीचे असेल, पण २०१९ च्या ऑगस्टपर्यंत कोणाचेही बोट पोहोचत नाही.

तारखेची संग्रह-पाने प्रणाली स्वतःहून तयार करते. अनेक संकेतस्थळांवर ती मुद्दाम बंद केलेली असतात, कारण शोधयंत्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्लगइनमध्ये (प्रणालीला जोडायच्या पूरक सुविधेत) ती बंद करण्याची कळ असते आणि एकच मजकूर दोन ठिकाणी दिसतो म्हणून ती दाबावी असा सल्ला दिला जातो. लहानशा दुकानाच्या संकेतस्थळाला तो सल्ला ठीक असेल. दैनिकाने तो ऐकू नये. शोधयंत्राला ती पाने यादीत घेऊ नकोस असे सांगण्याची वेगळी सोय आहे, त्यासाठी वाचकाची वाट बंद करण्याचे कारण नाही. ती पाने नुसती चालू ठेवूनही भागत नाही, त्यांचा साचा वेगळा हवा. वर्डप्रेस तारखेच्या पानासाठी आधी ‘डेट’ नावाचा साचा शोधते, तो नसेल तर सर्वसाधारण ‘आर्काइव्ह’, तोही नसेल तर ‘इंडेक्स’. बहुतेक तयार थीममध्ये (दर्शनी मांडणीच्या संचांत) पहिला नसतोच, म्हणून तारीख, विभाग, लेखक सगळ्यांची पाने एकाच ठशाची निघतात. एक स्वतंत्र साचा लिहिणे हे जाणत्या विकसकाला अवघड जाऊ नये. वर्षाच्या पानावर बारा महिने, महिन्याच्या पानावर दिनदर्शिकेसारखे दिवस, आणि दिवसाच्या पानावर त्या दिवसाचे सगळे मथळे विभागवार, चित्रांशिवाय, एकाच पानात. दहाची मर्यादा तेवढ्यापुरती उठवावी. दिवसाचे पान मोठे होईल, पण निव्वळ मथळ्यांची यादी मोबाइललाही जड नसते. मागील दिवस आणि पुढील दिवस असे दोन दुवे वर ठेवले, तर एखाद्या महापुराचे, निवडणुकीचे किंवा साहित्य संमेलनाचे दिवस ओळीने वाचता येतील. त्या विद्यार्थिनीला नेमके हेच हवे होते.

लेखमालांचे पान याच्या उलट असावे. क्रमशः येणाऱ्या मालेचा पहिला भाग सर्वांत वर हवा. आज एखाद्या मालेच्या पानावर गेले की समारोपाचा भाग आधी भेटतो आणि सुरुवात शेवटच्या पानावर लपलेली असते. क्रम उलटा करणे ही साच्यातील एका ओळीची दुरुस्ती आहे, ती राहून जाते कारण कोणी मागत नाही.

लेखकाच्या पानाची स्थिती सर्वांत वाईट आहे. मजकूर चढवणाऱ्याच्या खात्याचे नाव प्रणाली लेखक म्हणून नोंदवते, त्यामुळे वर्षानुवर्षे सदर लिहिणाऱ्या व्यक्तीचे लेख ‘वेब डेस्क’ किंवा ‘ॲडमिन’च्या नावावर जमा होतात आणि त्यांचे खरे नाव मजकुराच्या शेवटी कंसात उरते. लेखकांसाठी स्वतंत्र वर्गवारी करावी, आणि तिथे ग्रंथालयातील ‘पाहा’ नोंदीची पद्धत वापरावी. कोणी कुसुमाग्रज शोधो की वि. वा. शिरवाडकर, तालिका त्याला योग्य जागी नेते. मराठीत आद्याक्षरे, टोपणनावे, माहेर-सासरची नावे असे इतके प्रकार आहेत की अशी सोय नसेल तर एका लेखिकेची तीन पाने होतात आणि तिन्ही अपुरी राहतात. टॅगांचेही, म्हणजे लेखाला लावलेल्या विषयखुणांचेही, तसेच होते. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये (सर्व लिपींसाठीच्या सामाईक संगणकीय संकेतपद्धतीत) दोन रीतींनी टंकलिखित करता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात, आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांचा संग्रह दोन टॅगांत, दोन पत्त्यांवर विभागला जातो. महिन्यातून एकदा कोणीतरी टॅगांची यादी वाचून जोडकाम केले तर हे आटोक्यात राहते. ते माणसाचेच काम आहे.

नव्या रचनेत जुने पत्ते बदलावेच लागणार असतील, तर जुन्या-नव्याचा जोडतक्ता करणे अनिवार्य मानावे. जुन्या प्रणालीतील क्रमांक नव्या नोंदीत वेगळ्या रकान्यात जपून ठेवला, की सर्व्हरला जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला योग्य बातमीकडे नेता येते. असे वळवताना कायमस्वरूपी बदलाचा ३०१ हा संकेत द्यावा, तात्पुरत्या बदलाचा ३०२ देऊ नये. कायदेशीर किंवा संपादकीय कारणाने काढून टाकलेल्या बातमीसाठी ४१० म्हणजे ‘काढली आहे’ असा स्पष्ट संकेत आहे, तो वापरावा. मात्र सापडत नाही ते सगळे मुखपृष्ठावर पाठवून देण्याची पद्धत कृपा करून अवलंबू नये. त्यात वाचकाला बातमी मिळत नाही आणि ती का मिळाली नाही हेही कळत नाही. आमच्या २०१९ च्या नोंदीचे नेमके हेच झाले. युनिकोडपूर्व काळात खास फाँटमध्ये साठवलेला मजकूर असेल तर तो रूपांतरित करण्याचे काम वेगळे आणि मोठे आहे. ते नंतर केले तरी चालेल, पण त्याचे पत्ते आताच राखून ठेवावेत.

हा प्रश्न फक्त मराठीचा नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या १९९६ पासूनच्या मजकुरातील सुमारे २२ लाख बाह्य दुवे हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये तपासले, तेव्हा त्यातल्या थेट एखाद्या विशिष्ट पानाकडे नेणाऱ्या दुव्यांपैकी एक चतुर्थांश निकामी झालेले होते, आणि १९९८ मधल्या अशा दुव्यांत हे प्रमाण ७२ टक्के होते. मोठ्या भाषांत एका ठिकाणी हरवलेली बातमी दुसरीकडे कुठेतरी असते. तालुक्याच्या बाजार समितीची, एखाद्या गावच्या पुनर्वसनाची, नदीच्या एका दिवसाच्या पातळीची बातमी मराठी दैनिकाखेरीज अन्यत्र कोणी लिहिलेलीच नसते.

हे सगळे विनामूल्य मिळावे असा माझा आग्रह नाही. जुना मजकूर वर्गणीदारांसाठी राखून ठेवण्याचा आपला अधिकार मान्य आहे. पण पत्ता उघडल्यावर निदान मथळा, तारीख, लेखकाचे नाव आणि छापील अंकातील पान क्रमांक सर्वांना दिसावा. तेवढ्यावर आमच्यासारख्या वाचनालयाला छापील अंकातून ती बातमी काढून देता येते.

आपल्या दैनिकातील बातम्यांच्या आमच्या वहीत नोंदवलेल्या दुव्यांची यादी मथळा आणि तारखेसह तयार आहे. नवे संकेतस्थळ चाचणीसाठी उघडेल तेव्हा आपल्या तांत्रिक विभागाला ती पाठवण्याची आणि एकेक दुवा उघडून पाहण्याची माझी तयारी आहे. कोणाकडे पाठवावी एवढे कळवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल
(सांगली जिल्हा)